उसनं तारुण्य

मैत्रिणींनो, वि. स. खांडेकर हे नाव ऐकलं की आपल्यातल्या बहुतेकींना शाळेतला मराठीचा तास आठवतो. आपल्या आयांच्या पिढीला त्यांची वाक्यं पाठ असायची. एखादं वाक्य आवडलं की ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायचं, मैत्रिणीला लग्नात द्यायच्या पुस्तकावर लिहायचं, ही त्या काळातली रीतच होती. आपण मात्र परीक्षेपुरता त्यांचा एखादा धडा वाचला, लेखक-परिचयाच्या चार ओळी पाठ केल्या आणि पुढं निघून आलो. ‘ययाती’ ही कादंबरी त्यांची आणि तिला ज्ञानपीठ मिळालं, एवढं मात्र एका गुणाच्या प्रश्नापुरतं लक्षात राहिलं.

आम्हा सोलापूरकरांचं आणि खांडेकरांचं आणखी एक नातं आहे. १९४१ साली मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, त्याचे अध्यक्ष खांडेकर होते. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं हे गाव तेव्हा. त्या गावानं एका शाळामास्तराला मराठी साहित्यातल्या सगळ्यात मानाच्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं. आज त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या आहेत. कापडाचं काम आता शहराबाहेर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, यंत्रमागांवर चालतं. चादरी, टॉवेल तिथं तयार होतात आणि देशभर जातात.

याच एमआयडीसीच्या परिसरात आम्ही काही जणी बचत गटाच्या कामासाठी जातो. गटातल्या कुणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाई-घडीचं काम करतात, कुणी मागासाठी कांड्या भरतात, तर कुणी मांडीवर सूप घेऊन घरीच विड्या वळतात. बऱ्याच जणींची घरातली भाषा तेलुगू. मराठी बोलता येतं, पण वाचायला वेळ लागतो. गटाचा हिशेब झाला की अर्धा-पाऊण तास एकीनं पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं आम्ही ठरवलं. आधी छोट्या गोष्टी वाचल्या. मग ‘ययाती’ घेतली. राजा-राणीची गोष्ट आहे, ऐकायला सोपी जाईल, एवढाच विचार होता. पण ही गोष्ट हस्तिनापुरातून उठून आमच्या गल्लीत कधी येऊन बसली ते कळलंच नाही. आणि मग ती लिहिणारा माणूस कसा होता, त्याचं आयुष्य कसं गेलं, हे बायकाच विचारू लागल्या. तेव्हा त्यांचं आयुष्य मी नव्यानं वाचलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ चा, सांगलीतला. त्यांचं मूळ नाव विष्णू नव्हतंच. ते गणेश आत्माराम खांडेकर. वडील सांगली संस्थानात नोकरीला होते. मुलगा हुशार, वाचनाचा आणि नाटकाचा नादी. पण शाळेत शिकत असतानाच वडिलांचं छत्र गेलं. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्या घराचं काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. नातेवाइकांच्या आधारावर दिवस काढायचे, फीसाठी कुणाकडं तरी बघायचं, आणि हुशारी असूनही पुढच्या वर्षी शाळेत जायला मिळेल की नाही याची खात्री नसायची. अशा परिस्थितीत या मुलानं १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा चांगल्या क्रमांकानं पास केली आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं.

पुण्यात त्यांना राम गणेश गडकरी भेटले. ‘एकच प्याला’ लिहिणारे हेच ते गडकरी. दारूनं एका चांगल्या संसाराची कशी राख होते ते दाखवणारं ते नाटक. कॉलेजच्या कोवळ्या वयात अशा मोठ्या लेखकाचा सहवास मिळणं म्हणजे लेखक व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलाला केवढा आधार! सगळं असंच चालू राहिलं असतं तर हा मुलगा पदवीधर झाला असता, पुण्यात प्राध्यापक झाला असता, कदाचित आणखी मोठं काही झाला असता.

पण १९१६ साली त्यांना दत्तक देण्यात आलं. कोकणात, सावंतवाडी भागातल्या नानेली गावच्या सखाराम खांडेकर या नातलगांना मुलगा नव्हता. वंश चालायला हवा म्हणून गणेश त्यांच्या घरी गेला आणि विष्णू सखाराम झाला. वय अठरा वर्षं. स्वतःचं नाव गेलं, वडिलांचं नाव गेलं, गाव गेलं. मैत्रिणींनो, लग्नात आपलं नाव, आडनाव, गाव बदलतं आणि त्यावर कुणी फारसा विचारही करत नाही. त्यामुळं या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात तेव्हा काय झालं असेल हे पुरुषांपेक्षा आपल्याला लवकर कळेल. पुण्यातलं शिक्षण अर्धवट सुटलं. पदवी मिळाली नाही ती नाहीच. मोठ्या माणसांच्या गरजेपायी एका मुलाच्या उमेदीची वर्षं वळवली गेली. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. तेव्हाच्या रीतीप्रमाणं सगळं योग्यच चाललं होतं. पण त्या मुलाचं जे गेलं ते गेलंच.

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. माझं गेलं म्हणून मी दुसऱ्याचं घेईन, असं तो मनाशी ठरवू शकतो. आपल्याभोवती असं करणारे थोडे नाहीत. सासूनं छळलं म्हणून सुनेला छळणारी सासू आपण पाहतोच. किंवा मग तो असं ठरवतो की माझं गेलं ते दुसऱ्या कुणाचं जाऊ नये. खांडेकरांनी दुसरी वाट धरली. १९२० साली ते शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. शिरोडा आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात येतं. समुद्रकाठचं छोटं गाव. नारळी, काजू, मिठागरं आणि गरिबी. तिथल्या पोरांना इंग्रजी शिक्षण गावातच मिळावं म्हणून ती शाळा काढलेली. शाळेकडं पैसा नाही, इमारतीची वानवा, पगार नावाला. या शाळेत खांडेकर एक-दोन नव्हे तर अठरा वर्षं राहिले, मुख्याध्यापक झाले. ज्याला स्वतःला पदवी घेता आली नाही, त्यानं आपली ऐन तरुणपणातली अठरा वर्षं खेड्यातल्या मुलांना शिकवण्यात घातली.

शिरोड्यातच त्यांचा संसार सुरू झाला. १९२९ साली त्यांचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी, १९३० च्या मे महिन्यात, शिरोड्याच्या मिठागरावर मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच मे महिन्यात इकडं सोलापुरात ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला होता. पुढं जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना फाशी झाली. सारा देशच तेव्हा पेटलेला होता. अशा दिवसांत, त्याच १९३० साली, खांडेकरांची पहिली कादंबरी आली, ‘हृदयाची हाक’. मग ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘हिरवा चाफा’, ‘दोन मने’ अशा एकामागून एक कादंबऱ्या येत गेल्या. दिवसा शाळा, रात्री लेखन. त्यातून कथा लिहिल्या, लघुनिबंध लिहिले, आणि चार ओळींत मोठा अर्थ सांगणारी रूपककथा मराठीत रुजवली.

त्यांच्या लेखनावर टीकाही पुष्कळ झाली. भाषा फार अलंकारिक आहे, पात्रं पुस्तकी बोलतात, प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकवायचा अट्टहास असतो, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्या काळात ना. सी. फडके हे दुसरे लोकप्रिय कादंबरीकार. फडक्यांची बाजू अशी की कला ही कलेसाठी असते, वाचकाला आनंद दिला की तिचं काम झालं. खांडेकरांची बाजू अशी की कला जीवनासाठी असते, वाचून माणूस थोडा तरी बदलला पाहिजे. हा वाद मराठीत वर्षानुवर्षं गाजला. गंमत म्हणजे १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष फडके होते आणि लगेच १९४१ साली सोलापूरला खांडेकर. पुस्तकातल्या बोजड वाक्यांना आमच्या वाचन वर्गातही बायका कंटाळतात. एखादी उपमा लांबली की पुढं चला म्हणून खुणावतात. पण गोष्टीची कळ मात्र त्या सोडत नाहीत.

१९३८ साली खांडेकर शिरोडा सोडून कोल्हापूरला आले. त्याचं कारण सिनेमा. मास्टर विनायक यांनी १९३६ साली त्यांच्या कथेवर ‘छाया’ हा चित्रपट काढला होता. पुढं ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ अशा चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलं. ‘अमृत’मध्ये दारूचा प्रश्न होता, गरीब माणसाच्या घरचं दुःख होतं. मग कोल्हापूर हेच त्यांचं कायमचं गाव झालं. त्यांच्या पुस्तकांची तमिळ आणि गुजराती भाषांतरं तर इतकी लोकप्रिय झाली की तिकडच्या वाचकांना ते आपल्याच भाषेतले लेखक वाटायचे.

आता ‘ययाती’कडं येऊ. ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा खांडेकर एकसष्ट वर्षांचे होते. महाभारताच्या आदिपर्वातली ययातीची गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. दैत्यगुरू शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि दैत्यराजा वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल झाली, त्यावरून दोघींचं भांडण पेटलं. शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं. हस्तिनापूरचा राजा ययाती यानं तिला हात देऊन वर काढलं आणि पुढं तिच्याशी लग्न केलं. शिक्षा म्हणून शर्मिष्ठेला, एका राजकन्येला, देवयानीची दासी होऊन जावं लागलं. मग ययातीनं राणीच्या नकळत शर्मिष्ठेशी संबंध जोडला, तिला मूल झालं. गुपित फुटल्यावर शुक्राचार्यांनी ययातीला अकाली म्हातारपणाचा शाप दिला. हे म्हातारपण दुसऱ्या कुणी स्वतःहून घेतलं तर तुला तारुण्य परत मिळेल, असा उःशाप. तेव्हा बापानं मुलांकडं हात पसरले. सगळे नाही म्हणाले. धाकट्या पुरूनं मात्र आपलं तारुण्य बापाला देऊन टाकलं.

खांडेकरांनी ही गोष्ट जशीच्या तशी सांगितलेली नाही. एक मोठा बदल म्हणजे ती सांगणारी माणसं तीन आहेत. काही भाग ययाती स्वतः सांगतो, काही देवयानी सांगते, काही शर्मिष्ठा सांगते. महाभारतात या दोघी राजाच्या गोष्टीतल्या बायका आहेत. इथं त्यांना स्वतःचं मन आहे, स्वतःची बाजू आहे. त्यामुळं वाचताना एक मजा होते. ययातीचं ऐकताना तो बिचारा वाटायला लागतो. लहानपणापासून प्रेम मिळालं नाही, बायकोनं समजून घेतलं नाही, म्हणून तो असा वागला. आमच्या वर्गातल्या बायकांना हे सगळं ओळखीचं वाटलं. दारूच्या पायी पगार उडवून आलेला नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं असंच बोलतो, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण पुढच्या भागात देवयानी बोलायला लागली की चित्र फिरतं, आणि शर्मिष्ठा बोलायला लागली की पुन्हा फिरतं.

या कादंबरीत फसवणूक एकटा ययातीच करत नाही, हेही बघण्यासारखं आहे. देवयानीचं मन कचावर होतं. तो नाही म्हणाला, तेव्हा तिनं राणीपदासाठी ययातीशी लग्न केलं. म्हणजे तिथंही खोटेपणा आहे. शर्मिष्ठेला मुलाचा बाप कोण हे लपवावं लागलं. पण तिघांच्या खोटेपणात फरक आहे. शर्मिष्ठेचं खोटं जीव वाचवण्यासाठी आहे, देवयानीचं खोटं अभिमानासाठी, आणि ययातीचं खोटं स्वतःच्या सुखासाठी. तो बायकोला फसवतो, मग जिच्यासाठी फसवलं तिलाही वाऱ्यावर सोडतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःला फसवतो. दुःख विसरायचं म्हणून मद्य, शिकार, बायका. एक ओढ भागली की दुसरी, असं करत वर्षं जातात. राज्य बुडालं तरी त्याला भान नसतं. स्वातंत्र्यानंतर देशात पैसा, सुखसोयी वाढत होत्या, पण माणसाची हाव त्याहून वेगानं वाढत होती. ययातीच्या रूपानं खांडेकरांना त्या काळातला माणूस दाखवायचा होता. पुस्तकासोबतच्या आपल्या लेखनात त्यांनी हे स्पष्ट केलं आहे. ययातीच्या समोर त्यांनी कचाला उभं केलं. प्रेम त्यालाही कळतं, दुःख त्यालाही होतं, पण तो स्वतःला आवरतो.

दुसरा बदल शेवटाचा. महाभारतातला ययाती मुलाचं तारुण्य घेऊन हजार वर्षं सुख भोगतो आणि मग त्याला कळतं की हाव भागत नसते. खांडेकरांनी आपल्या ययातीला इतकी मोकळीक दिली नाही. मुलगा डोळ्यांसमोर म्हातारा झालेला बघून त्याला लगेच पश्चात्ताप होतो. आपण काय करून बसलो ते त्याला तिथंच उमगतं. पुरूचं तारुण्य त्याला परत मिळतं. ज्या देवयानीनं शर्मिष्ठेचा छळ केला, तिच्या मुलाला, यदूला, शत्रूच्या कैदेतून सोडवणारा पुरूच असतो. देवयानीचंही मन पालटतं. राज्य पुरूच्या हाती देऊन ययाती आणि दोघी राण्या वनाची वाट धरतात. म्हणजे फसवणुकीची गोष्ट शेवटी उद्धाराची होते.

हा शेवट वाचला त्या दिवशी आमच्याकडं चांगलीच वादावादी झाली. निम्म्या बायकांना शेवट आवडला. माणूस सुधारतो, तर त्याला सुधारू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या मात्र चिडल्या होत्या. ययाती फार स्वस्तात सुटला, अशी त्यांची तक्रार. एका बाईंनी फार नेमकं बोट ठेवलं. पुरूला त्याचं तारुण्य परत मिळालं ते गोष्टीत. आमच्याकडं पोरांचं गेलेलं परत येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलीनं सातवीतून शाळा सोडली होती. बापानं दारूपायी करून ठेवलेली उधारी फेडायची म्हणून ती आईच्या शेजारी सूप घेऊन बसली. तेंदूची पानं कातरता कातरता पोरीची शाळेची सगळी वर्षं निघून गेली. बापानं आता दारू सोडली आहे. दोन वर्षं झाली, थेंबही घेत नाही. पोरीसमोर मान वर करून बोलत नाही. त्याचा पश्चात्ताप खोटा नाही. पण पोरगी वीस वर्षांची झाली, त्याचं काय?

त्यावर कुणालाच बोलता येईना. खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर कादंबरीत नाही. ‘ययाती’नंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, गिरीश कार्नाडांचं ‘ययाती’ नाटक कन्नडमध्ये आलं. त्यांनी पुरूला एक बायको दिली, चित्रलेखा. नवऱ्यानं आपलं तारुण्य सासऱ्याला देऊन टाकलं, मग माझ्या आयुष्याचं काय, हा प्रश्न ती उभा करते. मुलाच्या त्यागाचं कौतुक करताना त्या त्यागाची किंमत आणखी कुणी तरी मोजत असतं, हे त्या नाटकानं दाखवलं. ती सातवीतून शाळा सोडलेली मुलगीही अशीच. तिला आपला त्याग करायचा आहे का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

मला मात्र उत्तराचा एक धागा खांडेकरांच्या स्वतःच्या आयुष्यात दिसतो. कादंबरीतला पुरू म्हणजे खांडेकर, असा माझा दावा नाही. पण ज्या लेखकानं बापाला तारुण्य देणारा मुलगा रंगवला, त्या लेखकाची स्वतःची अठराव्या वर्षी सुटलेली वाट मला त्या पानांमागं दिसत राहते. त्यांचं गेलेलं त्यांना कुणी परत केलं नाही. कुठला उःशाप मिळाला नाही. त्यांनी ते दुसऱ्या रीतीनं मिळवलं. कॉलेज अर्धं राहिलं, तर वाचन सोडलं नाही. स्वतःची पदवी हुकली, तर शिरोड्याच्या शेकडो मुलांच्या हाती पुस्तकं दिली. आपल्यावर कुणी अन्याय केला ते उगाळत बसण्यापेक्षा आता हातात काय उरलं आहे ते त्यांनी पाहिलं. याला मी उद्धार म्हणते. ययातीचा उद्धार चूक करणाऱ्याचा आहे, खांडेकरांचा उद्धार ज्याचं गेलं त्याचा आहे. आपल्या बायकांना दुसरा जास्त उपयोगाचा.

म्हणजे चूक करणाऱ्यानं नुसती मान खाली घालून बसावं असं नाही. ज्याचं घेतलं त्याला परत करता येईल तेवढं करावं. ययातीनं निदान राज्य तरी पुरूला दिलं. त्या बापालाही आम्ही हेच सांगितलं. शरम वाटते ना, मग पोरीला दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून द्या आणि ती अभ्यासाला बसेल तेव्हा तिच्या वाटणीचं काम तुम्ही करा. शाळा सुटलेल्या मुलांना बाहेरून दहावीला बसता येतं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना माहीत नसतं. फॉर्म भरला आहे. संध्याकाळी सूप आता बापाच्या मांडीवर असतं. शिकायला त्याला महिना लागला. त्याच्या विड्या अजून थोड्या वाकड्याच येतात, असं त्याची बायको हसत हसत सांगते.

खांडेकरांची शेवटची वर्षं मात्र अवघड गेली. डोळे लहानपणापासूनच अधू होते, जाड भिंगाचा चष्मा होता. पुढं पुढं स्वतः लिहिणं कठीण होत गेलं, तेव्हा ते सांगायचे आणि दुसरं कुणी लिहून घ्यायचं. अखेरच्या काही वर्षांत तर दृष्टी पूर्णच गेली. आयुष्यभर ज्यानं अक्षरांवर प्रेम केलं त्याच्या नशिबी हे यावं! तरीही त्यांचं काम थांबलं नाही. १९६७ साली ‘अमृतवेल’ आली. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचं आत्मकथन त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. ‘ययाती’ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. १९६८ साली पद्मभूषण आणि मग १९७४ चा ज्ञानपीठ. मराठीला मिळालेलं हे पहिलं ज्ञानपीठ. त्यानंतर कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांना तो मान मिळाला, पण दार उघडलं ते या पदवी नसलेल्या शाळामास्तरानं. १९७६ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं त्यांना मानाची डी. लिट. दिली. साठ वर्षांपूर्वी पुण्याचं कॉलेज सोडावं लागलेल्या मुलाकडं विद्यापीठ असं उशिरा आलं. त्याच वर्षी २ सप्टेंबरला मिरजेत ते गेले. आज शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आपण जातोच, तेव्हा मुलांना घेऊन तिथंही थोडा वेळ जाऊन या.

‘ययाती’ तुमच्या गावच्या वाचनालयात नक्की असेल. आमच्याकडं हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आहेत. लहान गावात नगर वाचनालय तरी असतंच. पुस्तक जाड आहे, म्हणून घाबरू नका. भिशीच्या, हळदीकुंकवाच्या, गटाच्या बैठकीत वीस-वीस पानं मोठ्यानं वाचा. कुणाची बाजू कुणाला पटते यावर भांडा. आणि पुस्तक मिटताना आपापल्या घरात एकदा डोकावून बघा. आपल्या सुखासाठी, आपल्या हौसेसाठी, आपल्या कर्जासाठी कुणाचं तारुण्य उसनं घेतलं जातंय का? मुलाच्या कॉलेजची फी एखाद्या लग्नाच्या थाटामाटात जातेय का? थोरलीची शाळा धाकट्याला सांभाळण्यापायी सुटतेय का? उसनं घेतलंच असेल तर ते परत कधी आणि कसं करायचं, तेही त्याच वेळी ठरवून टाका. उशीर केला की व्याज वाढत जातं, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.